डोंगरातल्या शाळेला पाहुणा मास्तर नको

नेपाळच्या एखाद्या डोंगरी खेड्यात जायचे, दोन-चार आठवडे तिथल्या शाळेत इंग्रजी शिकवायचे आणि समाधानाने परत यायचे, ही कल्पना आता मराठी मध्यमवर्गाच्याही चांगल्या ओळखीची झाली आहे. पूर्वी ही हौस युरोप-अमेरिकेतल्या तरुणांची होती. आता पुण्या-मुंबईतले तरुण नोकरीतून रजा काढून जातात. परदेशी विद्यापीठांच्या प्रवेशअर्जात समाजसेवेचा रकाना भरायचा म्हणून अकरावी-बारावीच्या मुलांना पालक पाठवतात. भारतीयांना व्हिसा लागत नाही, काठमांडू काही तासांवर आहे आणि समोर हिमालय आहे. या प्रथेविषयी शंका काढली की एक उत्तर हमखास मिळते: ‘अहो, तिथे काहीच नाही. काहीच नसण्यापेक्षा दोन आठवडे तरी कोणी शिकवले, तर बिघडले कुठे?’

या उत्तराचा प्रतिवाद करायला हवा, कारण सगळी प्रथा त्याच्यावरच उभी आहे. जाणाऱ्यांच्या मनाबद्दल मला शंका नाही. बहुतेकजण चांगल्या भावनेने जातात, पदरचे पैसे खर्च करतात, गैरसोय सोसतात. पण ‘तिथे काहीच नाही’ हे त्यांचे गृहीतकच खोटे आहे, आणि खोट्या गृहीतकावर केलेल्या चांगल्या कामाची किंमत तिथली मुले आणि तिथले शिक्षक मोजतात.

तिथे काय आहे ते आधी पाहू. राणा घराण्याची राजवट १९५१ मध्ये संपली तेव्हा नेपाळमध्ये शंभरातल्या जेमतेम पाच माणसांना लिहिता-वाचता येत होते. २०२१ च्या जनगणनेत साक्षरतेचे प्रमाण ७६.२ टक्के भरले. सत्तर वर्षांतली ही मजल पाहुण्यांनी मारलेली नाही. राणांच्या काळात सामान्य रयतेच्या शिक्षणाला वावच नव्हता. तो अडसर निघाल्यावर डोंगरातल्या गावांनी आपल्या हाताने शाळा उभ्या केल्या. कोणी जमीन दिली, कोणी लाकूड दिले, बायाबापड्यांनी पाठीवरून दगड वाहिले, धान्य गोळा करून मास्तराचा पगार भागवला. १९७१ च्या राष्ट्रीय शिक्षण योजनेखाली या शाळा सरकारने आपल्याकडे घेतल्या आणि पुढे २००१ च्या सुमारास कायदा बदलून त्यांचा कारभार पुन्हा पालकांच्या व्यवस्थापन समित्यांकडे सोपवायला सुरुवात झाली. तिथल्या सरकारी शाळेला आजही ‘सामुदायिक विद्यालय’ म्हणतात. जिथे शाळा गावाने बांधली, तिथे बाहेरच्याने येऊन ‘इथे काहीच नव्हते’ असे सांगणे हा त्या गावाच्या कष्टांचा अपमान आहे.

२०१५ च्या राज्यघटनेने नेपाळमध्ये ७५३ स्थानिक सरकारे आली आणि माध्यमिकपर्यंतच्या शिक्षणाचा अधिकार त्यांच्याकडे गेला. मूलभूत शिक्षण सक्तीचे व मोफत, माध्यमिक शिक्षण मोफत आणि मातृभाषेतून शिकण्याचा हक्क, हे त्याच घटनेत लिहिलेले आहे. शाळेत किती शिक्षक असावेत याची मंजुरी असते, तिला तिथे ‘दरबंदी’ म्हणतात. शिक्षक निवडायला शिक्षक सेवा आयोग आहे. वर्गात उभे राहायचे तर अध्यापन अनुमतिपत्र लागते. पहिली ते तिसरीसाठी एकात्मिक अभ्यासक्रम आहे, दहावीला एसईई ही राष्ट्रीय परीक्षा आहे. ही व्यवस्था नीट चालते असे मी म्हणत नाही. तिच्यात भोके आहेत, पक्षीय राजकारण आहे, गैरहजर शिक्षक आहेत. पण जी व्यवस्था अडखळते तिला हात द्यायचा असतो. ती नाहीच असे समजून तिच्या अंगणात आपला वेगळा वर्ग भरवणे याला मदत म्हणत नाहीत.

यावर म्हटले जाते, ‘पण शिक्षक कमी आहेत ना?’ हो, आहेत. फक्त ते कुठे कमी आहेत हे पाहायची तसदी कोणी घेत नाही. नेपाळचे डोंगर गेली काही दशके रिकामे होत आहेत. २०२१ च्या जनगणनेत सुमारे २२ लाख नेपाळी देशाबाहेर असल्याची नोंद झाली. आखातात, मलेशियात, आपल्याकडे. देशात उरलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक लोक आता तराईत, म्हणजे दक्षिणेच्या सपाट पट्ट्यात राहतात. त्यामुळे डोंगरातल्या कितीतरी शाळांत शिक्षक आहेत आणि मुले हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत. अशा शाळा एकमेकींत विलीन केल्या जात आहेत. उलट तराईत एकेका वर्गात मुले दाटीवाटीने बसतात. साक्षरतेत तराईतला मधेस प्रांत देशात सर्वांत मागे, ६३.५ टक्क्यांवर आहे. काठमांडू ज्यात येते त्या बागमती प्रांतात हे प्रमाण ८२ टक्क्यांच्या वर आहे. मग स्वयंसेवकांच्या जाहिरातींत सिराहा, रौतहट, सर्लाही या मधेसमधल्या जिल्ह्यांची नावे का दिसत नाहीत? तिथे शिक्षकांची टंचाई खरी आहे, पण खिडकीतून अन्नपूर्णा दिसत नाही. जिथे गरज असेल तिथे जाणारा माणूस तराईत उतरला असता. ज्याला हिमालय पाहायचा आहे त्याने तो जरूर पाहावा. मात्र पाहण्याच्या हौसेला शाळेच्या गरजेचे नाव देऊ नये.

वेळापत्रक पाहिले तरी हेच दिसते. नेपाळमधले शैक्षणिक वर्ष वैशाखात, म्हणजे एप्रिलच्या मध्याला सुरू होते. डोंगर चढायचे दोन हंगाम असतात: पावसाळ्यानंतरचे ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि वसंतातले मार्च-एप्रिल. बरेच स्वयंसेवकही याच दोन हंगामांत येतात. पण ऑक्टोबरच्या आसपास दसैं आणि तिहार हे नेपाळचे सर्वांत मोठे सण येतात आणि शाळा दीर्घ सुट्टीवर असतात. मार्च-एप्रिल म्हणजे चैत्र, वार्षिक परीक्षांचे दिवस. त्यानंतर निकाल आणि नवे प्रवेश. म्हणजे असा पाहुणा येतो तेव्हा अनेकदा शाळा एक तर बंद असते, नाहीतर परीक्षेत गुंतलेली असते. त्याला शिकवण्याचे समाधान मिळावे म्हणून उजळणीचे तास मोडून मुलांना गाण्यांना आणि खेळांना बसवले जाते.

आता वर्गात येऊ. सिंधुपाल्चोक किंवा रसुवातल्या खेड्यातले पहिलीतले मूल घरी तामाङ बोलते. शाळेत त्याला नेपाळी शिकावे लागते. तिथल्या शाळांनी खाजगी ‘बोर्डिङ’ शाळांशी असलेल्या स्पर्धेपायी इंग्रजी माध्यम धरले असेल तर तिसरी भाषा डोक्यावर बसते. २०२१ च्या जनगणनेत नेपाळमध्ये १२४ मातृभाषांची नोंद झाली आणि निम्म्याहून अधिक लोकांची मातृभाषा नेपाळी नाही. सहा वर्षांच्या मुलाला तामाङमधून नेपाळीत हाताला धरून आणणे हे अतिशय नाजूक काम आहे. मूल कुठे अडले, त्याला आकडा कळला नाही की आकड्याचा शब्द कळला नाही, हे त्याची भाषा जाणणाऱ्यालाच ओळखता येते. आपला पाहुणा यांतली एकही भाषा जाणत नाही. मराठी माणसाला देवनागरी वाचता येते आणि हिंदीच्या आधाराने नेपाळी थोडीबहुत उमगते, म्हणून त्याला तर आपण समजतो आहोत असा भास अधिकच होतो. तामाङ, गुरुङ, शेर्पा मुलापुढे तोही परकाच असतो.

‘निदान इंग्रजी तरी सुधारते’ हा दावाही तपासून घ्या. येणारा प्रत्येकजण सुरुवातीपासून सुरुवात करतो, कारण आधीच्याने काय शिकवले याची नोंद नसते आणि विचारायला वेळही नसतो. नाव सांगा, रंग ओळखा, शरीराचे अवयव म्हणा, एक नाचरे गाणे. दोन आठवड्यांनी तो जातो, दुसरा येतो आणि तीच मुले पुन्हा रंगांपाशी येतात. ज्या वर्गात वर्षभरात असे चार पाहुणे येऊन गेले, तिथे इंग्रजीची चार वेळा सुरुवात होते आणि पुढे पाऊल पडत नाही. भाषा येते ती रोजच्या, कंटाळवाण्या, एकाच माणसाने वर्षभर नेटाने केलेल्या मेहनतीने. ती मेहनत गावातल्या शिक्षकाचीच असते.

आणि त्या शिक्षकाचे काय होते? पाहुण्याची राहण्याची सोय, जेवण, पाण्याची काळजी, दुभाषेपण, आजारी पडला तर खाली उतरवणे, हे सगळे हेडसरांच्या अंगावर पडते. घरचे झाले थोडे अन् व्याह्याने धाडले घोडे, अशी गत होते. त्याहून खोल नुकसान वेगळेच आहे. ज्या बाई वर्षानुवर्षे त्या मुलांना शिकवत आल्या, त्या पाहुण्याच्या तासाला मागच्या बाकावर बसतात. फोटो पाहुण्याचे निघतात, टाळ्या त्याला मिळतात. मुलांच्या मनात नकळत ठसते की खरे शिक्षण बाहेरून येते आणि आपल्या गावातला माणूस दुय्यम आहे. डोंगरातून तरुण आधीच निघून चालले आहेत. गावात राहण्याची शिकवण शाळेने द्यायची तर गावात राहिलेल्या शिक्षकाचा मान आधी राखायला हवा.

त्या शिक्षकांची स्थिती जगापासून लपलेली नाही. २०२५ च्या एप्रिलमध्ये नेपाळभरचे सामुदायिक शाळांतले शिक्षक काठमांडूच्या रस्त्यांवर जवळजवळ महिनाभर ठाण मांडून होते. रखडलेला शालेय शिक्षण कायदा मंजूर करा, तात्पुरत्या ‘राहत’ शिक्षकांना न्याय द्या, बालवर्गाच्या शिक्षिकांना नीट वेतन द्या, या त्यांच्या मागण्या होत्या. शिक्षणमंत्र्यांनी त्या काळात राजीनामा दिला. बालवर्ग सांभाळणाऱ्या या शिक्षिका, त्यातल्या बहुतेक गावातल्याच बाया, वर्षानुवर्षे देशातल्या किमान वेतनाहूनही कमी मानधनावर राबत आल्या. पाहुणा नेमका याच बालवर्गात रमतो, कारण तिथे भाषेवाचून चालते असे त्याला वाटते. विमानाचे भाडे आणि मध्यस्थ संस्थेची फी मिळून तो जेवढे खर्च करतो तेवढ्यात त्या बाईंचे कित्येक महिन्यांचे मानधन निघाले असते. हा हिशेब कोणत्याही जाहिरातीत मांडलेला नसतो.

इथे कोणी म्हणेल, ‘शाळाच तर बोलावतात!’ बरोबर. पाहुण्यामागून देणगी येते. छपराचे पत्रे येतात, संगणक येतो, पाण्याची टाकी येते. इंग्रजी बोलणारा परका शाळेत दिसला की पोरे बोर्डिङ शाळेकडे जायची थांबतील अशी हेडसरांना आशा असते. पैशाची निकड असलेल्या शाळेचा होकार हा खुला होकार नसतो. पत्र्यांसाठी देणगी द्यायची असेल तर ती द्यावी. तिच्या बदल्यात वर्ग मागू नये.

‘काहीच नाही’ या गृहीतकाचे सर्वांत विदारक फळ नेपाळने भोगले आहे. १९९६ ते २००६ या यादवीच्या काळात हुम्लासारख्या दुर्गम जिल्ह्यांतून दलालांनी ‘शिक्षण देतो’ असे सांगून आईबापांकडून मुले नेली आणि काठमांडूच्या बालगृहांत ठेवली. परदेशी पाहुण्यांना तिथे ‘अनाथ’ मुले दाखवली जात. २०१५ च्या भूकंपानंतर युनिसेफने जाहीरपणे सांगितले की नेपाळच्या बालगृहांतल्या १५ हजारांहून अधिक मुलांपैकी किमान ८५ टक्के मुलांच्या आईबापांपैकी एक तरी जिवंत आहे. पाहुण्यांची माया आणि पैसा जिथे आटत नाही, तिथे अनाथ मुले तयार केली जातात. गावची शाळा म्हणजे बालगृह नव्हे, हे मान्य. पण दोन्हीकडे मुलाला त्याच्या माणसांपासून वेगळे काढून ‘याचे कोणी नाही’ असे धरले जाते.

कायदाही लक्षात घ्या. पर्यटक व्हिसावर नेपाळमध्ये काम करायला मनाई आहे, मग ते पगारी असो की बिनपगारी. १९५० च्या भारत-नेपाळ करारामुळे भारतीयाला व्हिसाच लागत नाही, म्हणून त्याला कोणी अडवत नाही. पण विचारणारे कोणी नाही याचा अर्थ अधिकार मिळाला असा होत नाही. आपल्याकडे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानंतर शिक्षकाला पदविका लागते, टीईटी लागते. आपल्या मुलाच्या दुसरीच्या वर्गात पंधरा दिवसांसाठी एखादा अप्रशिक्षित परदेशी तरुण उभा केला, तो मराठी जाणत नाही, त्याची कोणी चौकशी केलेली नाही आणि तो मुलांचे फोटो काढून जगाला दाखवतो आहे, हे कळले तर कोणता पालक गप्प बसेल? जे आपल्या लेकरासाठी चालत नाही ते नेपाळमधल्या दोलखाच्या लेकरासाठी चालते असे मानणे हीच खरी अन्यायाची जागा आहे.

‘मग बाहेरच्याने कधी कोणाचे भले केलेच नाही का?’ केले आहे, आणि ते कसे केले हे पाहिले की माझा मुद्दा अधिक पक्का होतो. अमेरिकेचे पीस कोअर हे स्वयंसेवक दल १९६२ मध्ये नेपाळमध्ये आले. गणित-विज्ञानाचे शिक्षक तेव्हा खरोखरच मिळत नव्हते. नेपाळ सरकारने त्यांना बोलावले, आलेल्यांनी आधी काही महिने नेपाळी शिकून घेतली आणि मग दोन-दोन वर्षे खेड्यात काढली. त्याच सुमारास, १९६१ मध्ये एडमंड हिलरी यांनी शेर्पांच्या मागणीवरून खुम्जुङला शाळा बांधली. एव्हरेस्ट चढलेला हा माणूस स्वतः फळ्यापुढे उभा राहिला नाही. पहिले शिक्षक म्हणून दार्जिलिंगहून एक शेर्पाच आणला गेला. त्या शाळेतून शिकलेले मिङ्मा नोर्बू शेर्पा पुढे सगरमाथा राष्ट्रीय उद्यानाचे प्रमुख झाले. म्याग्दीतल्या नाङ्गी गावचे महावीर पुन अमेरिकेत शिकून परतले, गावची शाळा त्यांनी उभी केली, डोंगराडोंगरांतून बिनतारी इंटरनेट नेले. त्यांना २००७ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला आणि २०२५ च्या सप्टेंबरात ते अंतरिम सरकारात शिक्षणमंत्री झाले. त्यांच्याकडेही परदेशी स्वयंसेवक आले, पण काय करायचे ते गावाने ठरवले.

आणि मराठी माणसाला तर यासाठी नेपाळपर्यंतही जायला नको. अनुताई वाघ १९४५ मध्ये ताराबाई मोडकांच्या हाताखाली बालशिक्षणाचे काम करायला बोर्डीला गेल्या. पुढे ते काम कोसबाडच्या टेकडीवर, वारल्यांच्या वस्तीत गेले. मुले शाळेत येईनात तेव्हा शाळा मुलांच्या अंगणात नेली. शिंपले, बिया, पाने हीच साधने केली. १९९२ मध्ये डोळे मिटेपर्यंत त्या त्याच कामात होत्या. अनुताईही बाहेरच्याच होत्या, पण त्यांनी स्वतःला त्या टेकडीचे करून घेतले. बाहेरून आलेल्याने शिकवावे की नाही या वादाचा निकाल त्यांच्या आयुष्याने कधीच दिलेला आहे: शिकवायचे असेल तर राहावे लागते.

एक शेवटचा युक्तिवाद उरतो: ‘या अनुभवाने आमची मुले बदलतात, संवेदनशील होतात.’ होत असतीलही. पण गावातल्या मुलांचे तास ही त्या बदलाची किंमत का असावी? संवेदनशील व्हायला वर्ग ताब्यात घ्यावा लागत नाही. गावात मुक्काम करा, ज्यांच्या घरी राहाल त्या बाईंना राहण्याचे पुरते पैसे द्या, भारवाहकाची मजुरी पाडून मागू नका, चार दिवस ऐका. माणूस त्यानेही बदलतो.

ज्यांना खरोखर काही करायचे आहे त्यांच्यासाठी वाटा मोकळ्या आहेत. शाळेच्या व्यवस्थापन समितीला विचारून स्थानिक शिक्षिकेच्या वेतनाला दोन-तीन वर्षे नेमाने हातभार लावा. ‘टीच फॉर नेपाळ’सारखी संस्था नेपाळी पदवीधरांनाच दोन वर्षांसाठी सामुदायिक शाळांत पाठवते, तिच्यासारख्यांच्या पाठीशी उभे राहा. तुम्ही स्वतः अनुभवी शिक्षक असाल तर मुलांपुढे उभे न राहता, पालिकेने बोलावल्यावर शिक्षकांच्या प्रशिक्षणाला जा, आणि पुन्हा पुन्हा जा.

आणि नेपाळी डोंगरातल्या मुलालाच शिकवायची ओढ असेल तर ते मूल आज आपल्या दारात आहे. रत्नागिरी-देवगडच्या आंबाबागांत राखणीला आणि कामाला दरवर्षी नेपाळी कुटुंबे येतात आणि हंगाम संपला की परततात. त्यांच्या मुलांचे वर्ष इकडे आणि तिकडे तुटून जाते. पुण्या-मुंबईतल्या सोसायट्यांत पहारा देणाऱ्यांची मुले महापालिकेच्या शाळेत मराठीशी झगडत बसतात. या मुलांना दोन आठवड्यांचा पाहुणा नको आहे. त्यांच्या शाळाप्रवेशासाठी खेटे घालणारा, दाखला मिळवून देणारा, रोज संध्याकाळी तासभर त्यांच्याबरोबर बसणारा आणि पुढच्या वर्षीही तिथेच असणारा माणूस हवा आहे. तुमच्या आजूबाजूला असे मूल असेल तर विमानाचे तिकीट काढण्याआधी त्याच्या घरी जा.